'आणि' गाळण्याआधी: नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात पाहुणा जेवायला बसला की ताटाशेजारी दोन वाट्या येतात आणि त्या दोन वाट्यांना मिळून एकच नाव आहे: तांबडा-पांढरा. 'तांबडा आणि पांढरा रस्सा द्या' असे कोणी म्हटले तर वाढणाऱ्याला अर्थ कळेल, पण माणूस बाहेरगावचा आहे हेही त्याच वेळी कळेल. व्याकरणात याला द्वंद्व समास म्हणतात. त्यातली दोन्ही पदे तोलामोलाची असतात आणि मधले उभयान्वयी अव्यय गळालेले असते. आईबाप, मीठभाकर, चहापाणी, खरेखोटे, बरेवाईट हे सगळे त्याच घडणीचे शब्द आहेत. म्हणजे जोडणारा शब्द गाळण्याची कला मराठी माणसाला कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. ती बोलण्यातच मुरलेली आहे. गडबड होते ती हीच कला शब्दांऐवजी वाक्यांच्या मध्ये वापरताना, कारण तिथे तिचा परिणाम नेमका उलटा असतो. शब्दांमधला 'आणि' गळाला की दोन वस्तूंची एक वस्तू होते. वाक्यांमधला 'आणि' गळाला की एका घटनेच्या तीन-चार सुट्या घटना होतात आणि वाचणाऱ्याला प्रत्येकीपाशी थोडे थांबावे लागते.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. स्मरणिका, वार्षिकांक, निरोपसमारंभाची मानपत्रे, कोणाच्या पहिल्या कथासंग्रहाचे कच्चे खर्डे असे बरेच काही हाताखालून जाते. नवोदितांच्या लेखनात या बाबतीत दोन टोके दिसतात. काहींचे प्रत्येक वाक्य 'आणि'च्या दोरीला लटकलेले असते. काहींना कोणीतरी 'लहान वाक्ये लिहा' असे सांगितलेले असते, त्यामुळे त्यांनी सगळे 'आणि', 'पण', 'म्हणून' उपटून टाकलेले असतात आणि परिच्छेद खडी टाकलेल्या रस्त्यासारखा खडबडीत झालेला असतो. पुढच्या पायऱ्या या दोघांसाठी आहेत.

नावाबद्दल थोडेसे. शाळेत आपण उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, श्लेष शिकतो. अव्यय गाळण्याच्या या युक्तीचे नाव त्या यादीत सहसा येत नाही. ग्रीक वक्तृत्वशास्त्रात तिला 'असिंडेटन' म्हणतात, त्याचा अर्थ 'न बांधलेले'. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथात तिचे मर्म एका वाक्यात सांगितले आहे: जोडणारा शब्द अनेकांचे एक करतो, म्हणून तो काढला की एकाचे अनेक होते. त्याच ग्रंथाचा शेवट त्याने याच युक्तीने केला आहे. भाषणाचा समारोप कसा करावा याचे उदाहरण म्हणून तो चार क्रियापदे एकापुढे एक ठेवतो: मी बोललो, तुम्ही ऐकले, वस्तुस्थिती तुमच्यापुढे आहे, निवाडा करा. ग्रंथ तिथेच संपतो.

पहिली पायरी: आधी सगळे जोडून लिहा

पहिल्या खर्ड्यात एकही अव्यय गाळू नका. हा सल्ला उलटा वाटेल, पण त्याला कारण आहे. 'आणि', 'पण', 'म्हणून', 'कारण' हे शब्द लिहिताना दोन वाक्यांमध्ये नेमके काय नाते आहे हे आपल्याला स्वतःशी ठरवावे लागते, आणि ते ठरलेले नसेल तर गाळलेल्या जागी वाचक तरी काय भरणार? ज्या लेखकाने नाते ठरवून मग शब्द काढला आहे, त्याच्या वाक्यात ती जागा रिकामी असूनही भरलेली वाटते. ज्याने नाते ठरवलेच नाही, त्याचे वाक्य नुसते तुटलेले दिसते. खर्ड्यात हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा, म्हणजे पुढच्या पायरीला सोपे जाईल.

दुसरी पायरी: गाळायचे अव्यय कोणत्या जातीचे आहे ते पाहा

सगळ्या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळू. शालेय व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक असे प्रकार पाठ करून घेतात. परीक्षा झाली की ते विसरले जातात. लिहिणाऱ्याला मात्र ते आयुष्यभर उपयोगी आहेत, कारण प्रत्येक प्रकार गाळल्यावर वेगळा वागतो, आणि तो कसा वागतो हे पाहायला म्हणींइतकी चांगली शाळा नाही.

'आणि', 'व', 'नि' हे समुच्चयबोधक शब्द सर्वांत सहज गळतात. 'तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले' या म्हणीत एकही जोडशब्द नाही. दोन वेळा जाण्याचा ठेका बसतो आणि तिसऱ्या खेपेला येणे ऐकू येते तेव्हा ते येणेच नुकसानीचे ठरते. 'तेल आणि तूप गेले आणि हाती धुपाटणे आले' असे म्हणून पाहा. माहिती तीच राहते, पण चपराक जाते.

'पण', 'परंतु' हे न्यूनत्वबोधक शब्द गाळले तर वाक्य अधिक धारदार होते, कारण विरोध वाचकाला स्वतः पाहावा लागतो. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.' 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा.' 'हत्ती गेला, शेपूट राहिले.' या तिन्हींत मधला 'पण' कोणी उच्चारत नाही, तरी तो ऐकू येतो. मात्र एक अट आहे. दोन्ही बाजू इतक्या उघडपणे विरुद्ध असल्या पाहिजेत की दुसरे कोणतेही नाते सुचूच नये. सोने नि कथील, आपला नि दुसऱ्याचा, हत्ती नि शेपूट यांच्यात तो विरोध आयताच आहे. 'तो कष्टाळू होता, त्याचे लग्न ठरले नाही' असे लिहिले तर वाचक अडखळेल, कारण कष्टाळूपणा आणि लग्न यांच्यात सरळ विरोध नाही. इथे 'तरीही' लिहिलेच पाहिजे.

'म्हणून' आणि 'कारण' यांची गंमत अशी की ते गाळले तर त्यांचे काम वाक्यांचा क्रम करतो. 'आभाळ स्वच्छ होते. छत्री घेतली नाही' यात 'म्हणून' ऐकू येतो. 'छत्री घेतली नाही. आभाळ स्वच्छ होते' यात 'कारण' ऐकू येतो, शिवाय बोलणारा काहीसा सफाई देतो आहे असाही भास होतो. शब्द तेच राहून नुसत्या क्रमाने स्वर बदलतो. कथेत पात्राचा स्वभाव दाखवायला हे फार कामाला येते.

'किंवा' मात्र गाळू नका. 'खरेखोटे', 'बरेवाईट' अशा समासांत आणि 'चार-पाच माणसे', 'दोनतीन दिवस' अशा आकड्यांच्या जोड्यांत तो पूर्वीपासून गळालेला आहे, तेवढे ठीक. इतरत्र 'किंवा' गेला की त्याच्या जागी वाचक 'आणि' धरतो आणि अर्थच उलटतो. त्याचा एक अनुभव पुढे सांगते.

'जर-तर'पैकी 'जर' सहज जातो, 'तर' राहतो: 'असतील शिते तर जमतील भुते.' दोन्ही काढले तरी संकेत, म्हणजे अट, सूचित होते खरी, पण तो प्रकार बोलीत जास्त शोभतो: 'पाऊस आला, सामना बंद.'

काही म्हणींनी आपला जोडशब्द सोडलेला नाही, त्याही तपासून पाहा. 'बैल गेला नि झोपा केला', 'पी हळद नि हो गोरी.' इथला 'नि' का टिकला? 'बैल गेला, झोपा केला' असे म्हटले तर दोन कामांची नोंद होते. 'नि' आला की दुसरे काम पहिल्याच्या पाठोपाठ, उशिरा, हसण्याजोगे झालेले दिसते. हळदीच्या म्हणीत तर सगळी चेष्टा त्या 'नि'मध्येच आहे. हळद पिणे आणि गोरे होणे यांच्यामध्ये वेळच लागत नाही, अशी ती समजूत. जोडशब्द जेव्हा स्वतः काही बोलत असतो तेव्हा त्याला हात लावायचा नसतो.

तिसरी पायरी: '-ऊन' हवे की सुटे क्रियापद, हे ठरवा

मराठीत 'आणि' न वापरता क्रिया जोडण्याची एक जुनी सोय आहे: येऊन, पाहून, करून, घेऊन. जो लेखक 'आणि' टाळू लागतो तो बहुतेक वेळा नकळत या '-ऊन'च्या आसऱ्याला जातो आणि आपण अव्यय गाळले असे समजतो. परिणामाच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

एका विद्यार्थिनीने करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर लेख लिहिला होता. (गुळव्या म्हणजे गूळ करणारा कारागीर, काहील म्हणजे रस आटवण्याची मोठी कढई.) तिचा पहिला खर्डा साधारण असा होता: 'आम्ही गुऱ्हाळावर पोहोचलो आणि चरक सुरू होता आणि काहिलीत रस उसळत होता आणि गुळव्याने मळी काढली आणि थेंबभर पाक पाण्यात टाकला आणि तो बोटांत चेपून पाहिला आणि हात वर केला व मग चौघांनी काहील उचलली.' हे वाचताना सगळ्या क्रिया एकाच उंचीच्या दिसतात. चरक सुरू असणे आणि गुळव्याने हात वर करणे यांना सारखेच वजन मिळते. दुसऱ्या खर्ड्यात तिने 'आणि' काढून '-ऊन' आणले: 'गुळव्याने मळी काढून, थेंबभर पाक पाण्यात टाकून, तो बोटांत चेपून पाहून हात वर केला.' वाक्य व्याकरणशुद्ध आहे, वेगवान आहे, पण यात खरी क्रिया एकच उरते ती हात वर करण्याची. बाकीच्या सगळ्या तिची पूर्वतयारी झाल्या. ज्याने गुळव्याला काम करताना पाहिले आहे त्याला ठाऊक असते की पाक बोटांत चेपून पाहण्याचा क्षण हाच सगळ्यांत मोठा असतो. पाक क्षणभर कच्चा राहिला तर गूळ बसत नाही, क्षणभर पुढे गेला तर रंग जातो.

आम्ही दोघींनी मिळून शेवटी असे केले: 'आम्ही गुऱ्हाळावर पोहोचलो तेव्हा चरक सुरू होता आणि काहिलीत रस उसळत होता. गुळव्याने मळी काढली, थेंबभर पाक पाण्यात टाकला, बोटांत चेपून पाहिला, हात वर केला. चौघांनी काहील उचलली.'

इथे चार निर्णय आहेत. पहिल्या वाक्यात 'तेव्हा' आणि 'आणि' दोन्ही ठेवले, कारण ते चित्राची पार्श्वभूमी सांगते आणि पार्श्वभूमी एकसंधच हवी. दुसऱ्या वाक्यात चार क्रिया सुट्या केल्या. माणूस एकेक काम करतो तसे वाक्यही एकेक पाऊल टाकते. 'चेपून पाहिला' यातला '-ऊन' मात्र राहू दिला, कारण चेपणे आणि पाहणे ही तिथे एकच कृती आहे. आणि हात वर केल्यानंतर 'म्हणून' लिहिले नाही, वाक्यच संपवले. खूण झाली, माणसे हलली, इतके वाचकाला कळते.

तेव्हा नियम असा धरा की पहिली क्रिया दुसरीसाठी केलेली असेल तर '-ऊन' वापरा, आणि प्रत्येक क्रिया स्वतःच्या बळावर पाहण्याजोगी असेल तर सुटे क्रियापद वापरून अव्यय गाळा.

चौथी पायरी: साचा एक ठेवा

जोडशब्द गेला की वाक्यांना एकत्र ठेवण्याचे काम त्यांच्या घडणीवर येते. या युक्तीचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ज्युलियस सीझरचे आहे. इ.स.पू. 47 मध्ये आशिया मायनरमधल्या झेला येथे फार्नासिस राजाचा झटपट पराभव केल्यावर त्याने ते तीन शब्द वापरले: वेनी, विडी, विकी. तिन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे, तिन्ही 'व'ने सुरू होणारे, तिन्ही 'ई'ने संपणारे. मध्ये जोडायला काही नसले तरी नाद त्यांना घट्ट धरून ठेवतो.

मराठीत हे उतरवताना आपले व्याकरण आडवे येते. 'तो आला, त्याने पाहिले, त्याने जिंकले' असे तृतीय पुरुषात लिहावे लागते, कारण भूतकाळात अकर्मक क्रियापदाचा कर्ता 'तो' आणि सकर्मकाचा 'त्याने'. साचा पहिल्याच पावलाला मोडतो. प्रथम पुरुषात 'मी' दोन्हीकडे चालतो, म्हणून 'आलो, पाहिले, जिंकले' जरा बरे बसते. सर्वांत उत्तम बसते ते बोलणारी स्त्री असेल तर: 'आले, पाहिले, जिंकले.' तिन्ही शब्दांचा शेवट एक! (कोल्हापूरकडच्या अनेक घरांत मुलीही 'मी आलो, मी गेलो' असेच म्हणतात आणि मीही तसेच बोलत वाढले, त्यामुळे हा फायदा आम्हाला लेखी मराठीतच मिळतो.)

यातून घ्यायची गोष्ट ही की सकर्मक मराठी क्रियापद भूतकाळात कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते, हे अव्यय गाळताना विसरू नये. 'दार लोटले, कडी घातली, दिवा मालवला' यात ले, ली, ला असे तीन वेगळे शेवट आले आहेत. हा दोष नव्हे. उलट प्रत्येक तुकडा दोन पदांचा असल्यामुळे ठेका टिकतो. पण 'दार लोटले, मग तिने कडी घातली, दिवा तर केव्हाच मालवलेला होता' असे केले की एक वाक्य दोन पदांचे, दुसरे चार पदांचे आणि तिसरे वेगळ्याच काळातले होते. साचा सांभाळता येत नसेल तर 'आणि' परत आणावा, त्यात कमीपणा नाही.

किती तुकडे ठेवावेत, हाही साच्याचाच भाग. दोन तुकड्यांनी विरोध उभा राहतो, तिनांनी गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटते, चार किंवा अधिकांनी ढीग दिसतो. शेवटचा तुकडा थोडा लांब किंवा वजनदार असावा. धुपाटण्याच्या म्हणीत तो तसाच आहे.

यादी उघडी ठेवायची की मिटायची

नामांच्या यादीला हाच प्रश्न वेगळ्या रूपात पडतो. 'रंकाळा, पन्हाळा आणि जोतिबा पाहिला' म्हटले की तीन ठिकाणे पाहिली, हिशेब मिटला. 'रंकाळा पाहिला, पन्हाळा पाहिला, जोतिबा पाहिला' म्हटले की अजूनही काही पाहिले असेल, बोलणारा दमलेला असेल किंवा फुशारकी मारत असेल. शेवटचा 'आणि' ही यादीची कडी आहे.

कडी लावण्याचा दुसरा मार्ग मराठीत आहे आणि तो मला अधिक आवडतो. अव्यय गाळायचे, शेवटी 'हे', 'असे', 'सारे', 'यांपैकी' असा एखादा शब्द ठेवायचा: 'भाकरी, ठेचा, कांदा, सारे फडक्यात बांधले.' यादी उघडी वाटत नाही आणि 'आणि'ही लागत नाही.

पण काही याद्यांना 'आणि' अर्थासाठीच लागतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती मिळून पंचगंगा होते, हे वाक्य संगमाचे आहे; त्यातून 'आणि' काढणे म्हणजे पाचवी नदी काठावरच ठेवणे. त्याच नद्यांच्या पुराविषयी लिहिताना मात्र सुटी वाक्ये शोभतील: 'कासारी फुगली, कुंभी फुगली, तुळशी फुगली. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना लागले, इशारा झाला. 43 फुटांना लागले, धोका झाला.' 2019 च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी फूट-फूट वाढणारे ते आकडे रात्रभर ऐकले आहेत, त्यांना इथे जोडशब्द का नकोत हे समजावून सांगावे लागणार नाही. त्या वेळी दोन आकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाच जागा होती, 'आणि'ला नव्हती.

पाचवी पायरी: विरामचिन्ह निवडा

जुन्या मोडी कागदांत स्वल्पविराम नाही, अर्धविराम नाही. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात छापील मराठीत रुजली आणि त्यात इंग्रज अधिकारी मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता. म्हणजे कागदावर अव्यय गाळून तिथे नुसती खूण ठेवणे ही तुलनेने नवी सोय आहे; खूण नसती तर वाचणाऱ्याचा डोळा कुठे टेकला असता?

स्वल्पविराम क्रियांना एका दमात ठेवतो. अर्धविराम दोन पूर्ण विधाने शेजारी बसवतो, म्हणून गाळलेल्या 'पण', 'म्हणून', 'कारण' यांच्या जागी तो बरा. पूर्णविराम सर्वांत जड. 'तो आला. बसला. बोलला नाही.' हे एखाद्या प्रसंगी प्रभावी होते, पण अलीकडे जाहिरातींपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळीकडे ही तोडकी वाक्ये इतकी दिसतात की त्यांची धारच बोथट झाली आहे. स्वल्पविरामाने भागत असेल तर पूर्णविराम खर्चू नये, असे माझे मत आहे. एकाच परिच्छेदात तिन्ही खुणा मिसळू नका, आणि गाळलेल्या शब्दाच्या जागी तीन टिंबे तर मुळीच देऊ नका. टिंबे म्हणजे लेखकाने हात झटकणे.

कुठे गाळू नये

नियम, सूचना, करार, औषध घेण्याची पद्धत, अर्जाची कागदपत्रे यांत ही युक्ती वापरायची नाही. हे मी अंगावर घेऊन शिकले आहे. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा एका संस्थेची सूचना शोधनाला आली. मूळ वाक्य होते: 'अर्जासोबत शिधापत्रिका, वीजबिल किंवा घरफाळ्याची पावती जोडावी.' मला ते लांब वाटले. मी ते 'सोबत जोडावे: शिधापत्रिका, वीजबिल, घरफाळ्याची पावती' असे आटोपशीर केले आणि स्वतःवर खूश झाले. सूचना लागली. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांकडे घरफाळ्याची पावती कुठून असणार? ती नाही म्हणून कितीतरी जण अर्ज न भरताच परत गेले. दोन दिवसांनी संस्थेच्या माणसाने माझ्यापुढे मूळ कागद आणि छापील कागद शेजारी शेजारी ठेवले आणि 'किंवा' या शब्दावर नुसते बोट ठेवले. तो काही बोलला नाही, यातच सगळे आले.

युक्तिवादाच्या लेखातही जपून. जिथे वाचकाला 'यावरून हे सिद्ध होते' हे दाखवायचे आहे तिथे 'म्हणून' हा शब्द पुराव्याचा भाग असतो. तो गाळला तर लेखकाला दुवा सापडला नाही, अशी शंका येते, आणि ती बऱ्याचदा खरी असते.

सहावी पायरी: मोठ्याने वाचा, रिकाम्या जागेत शब्द घालून पाहा

गाळलेल्या प्रत्येक जागी ओळीने 'आणि', 'पण', 'म्हणून', 'कारण' घालून वाचा. एकच शब्द बसत असेल तर जागा रिकामी राहू द्या. दोन बसत असतील आणि अर्थ बदलत असेल तर शब्द परत आणा. 'तो आला, ती गेली' या वाक्यात 'आणि', 'पण', 'म्हणून' तिन्ही बसतात. कथेत ही संदिग्धता तुम्हाला हवी असेल तर ती तुमची मिळकत आहे. बातमीत किंवा लेखात ती चूक आहे.

मोठ्याने वाचण्याला आणखी एक कारण आहे. अ‍ॅरिस्टॉटलनेच बजावले आहे की असे सुटे बोलणे सादरीकरणाला शोभते आणि ते एकाच सुरात म्हणून चालत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहिलेल्या माणसाला याचा प्रत्यय आलेला असतो. ध्वनिवर्धकावरचा निवेदक म्हणतो, 'पट काढला, मागे गेला, कब्जा घेतला, घिस्सा मारला, चितपट!' आणि मैदान उठून उभे राहते. त्याच्या प्रत्येक तुकड्याचा सूर आधीच्यापेक्षा चढा असतो. शेवटच्या शब्दापर्यंत तो श्वास राखून ठेवतो. हेच वाक्य दुसऱ्या दिवशीच्या वृत्तान्तात जसेच्या तसे घातले तर पाच तुकड्यांची यादी उरते, कारण चढता सूर कागदावर आलेला नसतो. तो आणायचा तर तुकड्यांच्या लांबीने आणावा लागतो: 'पट काढला, मागे गेला, कब्जा घेतला आणि समोरचा सावरायच्या आत घिस्सा मारून त्याची पाठ मातीला लावली.' इथे मी 'आणि' परत आणला आहे, तोही नेमका शेवटच्या वळणावर. तीन सुट्या तुकड्यांनंतर आलेला तो 'आणि' ऐकणाऱ्याचा श्वास धरून ठेवतो. आधीचे 'आणि' गाळले नसते तर या एकाला ही ताकद आली नसती.

किती वेळा वापरावे, याचे माप माझ्यापुरते सांगते: छापील पानावर एकदा, फार तर दोनदा. त्यापुढे वाचकाला प्रसंग दिसायचा थांबतो आणि लेखकाची लकब दिसू लागते.

सरावासाठी एक काम करून पाहा. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर अर्धा तास बसा, भेळवाल्याचे हात बघा आणि त्याने एक भेळ कशी केली ते सगळे जोडशब्द ठेवून एका लांब वाक्यात लिहा. मग तेच वाक्य फक्त '-ऊन' वापरून लिहा, मग एकही जोडशब्द न वापरता लिहा. तिन्ही कागद रात्रभर बाजूला ठेवा. सकाळी तिसरा कागद मोठ्याने वाचा, आणि जिथे जीभ अडखळेल तिथे पहिल्या कागदावरचा 'आणि' उचलून परत ठेवा.